गुणवंताचे चाळीस चाकू

आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट गुणवंताची आहे. मी तिच्यात आहे तो फक्त बिघडवणारा म्हणून. रामाकोन्याजवळ माझी संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे, लोक मला भैय्याजी म्हणतात, आणि मला राग लवकर येतो. या तिन्ही गोष्टी सौंसर तहसिलीत सगळ्यांना माहीत आहेत. वय झालं की राग उतरतो म्हणतात. मला एकसष्टावं लागलं, अजून वाट पाहून राहिलो.

गुणवंता राहतो सौंसरला, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. घराला लागून टिनाचं शेड. उंची बेताची, बोलणं त्याहून बेताचं. एकोणिसाव्या वर्षी तो पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये फिटरच्या हाताखाली लागला. जिनिंगच्या मशिनीत पोलादाच्या लांब पट्ट्या असतात. त्यांच्यामुळं सरकी इकडे पडते अन् रुई तिकडे जाते. पट्टी खराब झाली की मशीन नुसती कापूस चावत बसते. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं गुणवंताला लोखंड तापवायला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, बावीस वर्षं भट्टीपाशी उभं राहून "आता नाही, आता नाही, आता काढ" एवढंच म्हटलं. मग जिनिंग बंद पडली. मिस्त्री त्याच्या आधीच वारला होता. गुणवंता घरी आला तो झिजलेल्या कानशींचं एक पोतं घेऊन.

त्या कानशींचे त्यानं चाकू केले. साधे चाकू नाही, डोळे बांधायचे चाकू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. संत्र्याची बाग बी टाकून कोणी करत नाही. आधी जंबेरी लिंबाचं रोप वाढवतात. ते पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीला छोटा काप देतात आणि चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट अलगद काढून त्या कापात सरकवतात. वरून प्लास्टिकची पट्टी. वीस-बावीस दिवसांनी डोळा हिरवा असला तर लागला, काळा पडला तर गेला. सगळा खेळ सालीचा आहे. काप स्वच्छ बसला पाहिजे. साल फाटली, चुरगळली, की डोळा वाळलाच समजा. चांगली बांधणारी बाई दिवसाला सातशे-आठशे डोळे बांधते, आणि संध्याकाळच्या शेवटच्या डोळ्यालाही सकाळचीच धार लागते.

ती धार गुणवंताच्या चाकूला होती. आठ दिवस दगडाला न लावता चालणारा चाकू मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही. सावरगावापासून पांढुर्ण्यापर्यंतच्या नर्सरीवाले त्याच्याकडंच यायचे. त्याचं कारण मला त्याच्या शेडमध्ये बसल्यावर कळलं. हा माणूस चाकू करायच्या आधी कानस तोडायचा. कपड्यात गुंडाळून ऐरणीवर ठेवायची, एक हातोडा, आणि तुटलेलं तोंड उन्हात धरून पाहायचं. आत रव्यासारखी कणी दिसली तर म्हणायचा, "कोणीतरी जास्त तापवून ठेवली." मैद्यासारखी बारीक दिसली तर बाजूला ठेवायचा. काही नवीन कानशी तर तुटायच्याच नाहीत, आतून वाकायच्या. त्या फेकून द्यायचा. म्हणायचा, "वरतून कडक केली. आत कोळसाच नाही." पोलादातल्या कार्बनला तो कोळसा म्हणायचा. शंभरातल्या तीस कानशी अशा जायच्या. मी म्हटलं, "अरे, इतकं फेकून कसं चालते?" तर म्हणाला, "मंग ते चाकूत जाते."

एकदा मी चाकू घ्यायला गेलो तर तयार नव्हते. मला राग आला. मी म्हटलं, "तापवायचं अन् बुडवायचं, त्याले आठ दिवस काऊन लागते?" तेव्हा गुणवंता त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण बोलला.

"भैय्याजी, छिंदवाडा-नागपूरची भरलेली बस पाहिली ना? लोखंड म्हणजे बस, अन् त्यातला कोळसा म्हणजे पाशिंजर. गरम केलं का सगळे जागचे उठते, इकडंतिकडं फिरते. हळूहळू थंडं होऊ दिलं तं आपापली जागा पाहून आरामात बसून जाते. मंग लोखंड नरम. पण एकदम तेलात बुडवलं का जो जिथं होता तिथंच अडकला. याचं कोपर त्याच्या बरगडीत. कोणाले हलाले जागा नाही. तेच कडकपण."

"झालं मंग. दे."

"झालं कुठं? नुसतं अडकवून ठेवलं तं काचेवानी फुटते. म्हणून पुन्हा थोडकं गरम करून दोन-चार पाशिंजर खाली उतरवा लागते. चाकूवर कडब्याचा रंग आला का थांबाचं. त्याच्यापुढं जांभळा येते, मंग निळा. तिथवर गेलं का सगळी बस खाली."

मी म्हटलं, "मले बस नको, चाकू पाहिजे." तो हसला नाही. सरकीच्या तेलाच्या डब्यात पुढचा चाकू बुडवला.

मागच्या वर्षी मी नर्सरी वाढवली आणि गुणवंताला एकदम चाळीस नवे चाकू सांगितले. दसऱ्याच्या चार दिवस आधी तो स्वतः बसनं घेऊन आला. प्रत्येक चाकू पेपरात गुंडाळलेला, गंजू नये म्हणून जळकं ऑइल लावलेलं. म्हणाला, "ओल्यात ठेवू नका. आगीपाशी ठेवू नका." मी हो हो म्हटलं. मी मोबाइल पाहून राहिलो होतो.

खंडेनवमीला आमच्याकडं अवजारांची पूजा असते. फावडी, टिकास, फवारणीचा पंप, सगळं धुऊन मांडतात, हळदीकुंकू, झेंडूची फुलं. त्या वर्षी चाळीस नवे चाकू पण मांडायचे होते. मी अंगणात गवऱ्या पेटवल्या, चांगला विस्तव होऊ दिला, आणि चाकू त्यात ओळीनं लावले. शेडमध्ये करुणाचा चाकू खुंटीला होता, तोही घेतला. करुणा म्हणजे माझ्याकडं डोळे बांधणाऱ्या आठ जणांची मुखिया, सौंसरचीच. ती घरच्यांसोबत नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती.

माझी बायको कुसुम बाहेर आली. म्हणाली, "चाकू काऊन जाळून राहिले?"

"जाळून नाही राहिलो. ऑइलचा वास देवापुढं चालत नाही."

"त्यानं आगीपाशी ठेवू नका म्हटलं होतं ना?"

"ही देवाची आग आहे," मी म्हटलं. यावर कोणाची बायको काय बोलणार?

चाकूंवर आधी फिका पिवळा रंग आला, मग तपकिरी, मग जांभळा, मग असा सुंदर निळा की मी कुसुमला हाक मारून दाखवला. ती आली नाही. शेवटी सगळे राखेच्या रंगाचे झाले. काढले, थंड होऊ दिले, चिंच आणि राख लावून घासले. चांदीसारखे चमकले. पूजेचा फोटो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडले.

नोव्हेंबरच्या शेवटी डोळे बांधणं सुरू झालं. दुसऱ्याच दिवशी करुणा माझ्यासमोर चाकू घेऊन उभी. "भैय्याजी, धार वळून राहिली. पन्नास डोळे नाही होत तं दगडावर न्या लागते. साल फाटून राहिली."

"हात जड पडत असंल."

"आठही जणांचा?"

मी तिचा चाकू मागितला. तो जुनाच, पण कापत होता. नवा घेतला, नखावर ओढला, तर धार कागदासारखी दुमडली. पुन्हा तिचा, पुन्हा नवा. माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. माझ्या डोक्यात प्रकाश पडतो तेव्हा जवळच्या माणसांनी सावध व्हावं, असं कुसुम म्हणते. मला वाटलं, गुणवंतानं करुणाला चांगल्या लोखंडाचा चाकू दिला आणि मला भंगार दिलं.

मी मोटरसायकल काढली आणि तडक सौंसरला गेलो. गुणवंताच्या घरी नाही गेलो. बसस्टँडसमोर चिंधूचं चहाचं हॉटेल आहे, तिथं गेलो. तिथं सकाळी नर्सरीवाले, संत्र्याचे व्यापारी, कंडक्टर, सगळे असतात. मी उभ्याउभ्या बोलायला सुरुवात केली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. गुणवंतानं मला फसवलं म्हणालो. चाळीसच्या चाळीस चाकू मऊ निघाले, खिशातून दोन काढून दाखवले, वाकवून दाखवले. लोक पाहून राहिले. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढं म्हटलं, "अन् करुणा त्याच्या समाजाची, तं तिले बराबर असली माल."

हे वाक्य मी बोललो. आता लिहिताना हात अडतो, पण बोललो तेव्हा जीभ अडली नव्हती. दोघं-तिघं हो हो म्हणाले सुद्धा. त्याच दिवशी तीन नर्सरीवाल्यांनी गुणवंताला निरोप पाठवला की आमचे चाकू करू नको. केलेले असतील तर राहू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं गुणवंता नर्सरीत आला. ओरडला नाही, मला नावं ठेवली नाहीत. मला त्याचाच जास्त राग आला. आठही जण काम सोडून गोळा झाले. कुसुम ओट्यावर उभी होती. त्यानं एक चाकू मागितला, वर-खाली करून पाहिला, आणि नर्सरीच्या लोखंडी फाटकाच्या बिजागरीत त्याचं टोक अडकवलं.

म्हणाला, "फुटला तं माह्या हातचा. वाकला तं माह्यानंतर कोणीतरी त्याले आग दाखवली."

त्यानं दाबलं. चाकू वाकला. पार काटकोनात वाकला आणि तसाच राहिला. त्यानं दुसरा घेतला, तोही वाकला. तिसरा घेतला नाही.

मी म्हटलं, "लोखंडच खराब. करुणाचा काऊन नाही वाकत?"

"तिचा कानशीचा नाहीच. मशिनीवरच्या लोखंड कापाच्या आरीचं पातं आहे ते. त्यात दुसरी धातू मिसळून असते. लाल होईस्तोर तापलं तरी त्याचं कडकपण जात नाही."

"मंग सगळ्यांले तेच काऊन नाही देल्लं?"

"घासाले मरणाचं कठीण. दगड झिजते, धार नाही लागत. रोजच्या कामाले कानसच चांगली." मग त्यानं करुणाकडं पाहिलं. "पण ही प्रत्येक झाडानंतर चाकू दिव्यावर धरते. एकाचा रोग दुसऱ्याले लागू नये म्हणून. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं तिले. माहा पहिला चाकू तिच्या हातात महिनाभरात निळा पडला. म्हणून तिले आगीत टिकणारं पातं देल्लं."

करुणा खाली पाहत होती. हे मला माहीत नव्हतं. माझ्या नर्सरीत माझ्या झाडांना रोग लागू नये म्हणून एक बाई रोज शेकडो वेळा चाकू दिव्यावर धरून राहिली होती, आणि मला वाटायचं ती वेळ काढते.

मग गुणवंतानं मला विचारलं. सरळ माझ्या डोळ्यांत पाहून विचारलं. "भैय्याजी, यांना आग कोणी दाखवली?"

खरं सांगतो, तोपर्यंत मला आठवलं नव्हतं. देवाच्या आगीला मी आग समजतच नव्हतो. पण त्यानं विचारलं आणि गवऱ्या, विस्तव, तो निळा रंग, सगळं माझ्या डोळ्यांपुढं आलं. समोर आठ माणसं. आदल्या दिवशी चिंधूच्या हॉटेलात चाळीस.

"कोणी नाही," मी म्हटलं.

ओट्यावरून कुसुमनं माझ्याकडं पाहिलं आणि ती आत निघून गेली. गुणवंतानं पोतं मागितलं. मग म्हणाला, "इथं ठेवून तुम्ही काय करता?" आणि चाळीसच्या चाळीस चाकू पोत्यात भरून, वाकलेले सुद्धा, दुपारच्या बसनं घेऊन गेला. मी त्याला थांब म्हटलं नाही. बसस्टॉपपर्यंत मोटरसायकलवर सोडतो असंही म्हटलं नाही.

करुणाच्या माणसांनी ते दिवस इकडून तिकडून मागून आणलेल्या चाकूंवर ढकलले. घरात कुसुम वेळेवर जेवायला वाढायची आणि बोलायची नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात ती भांडली पुष्कळ, पण अशी गप्प कधी बसली नव्हती. करून सवरून नामानिराळा राहणं सोपं असतं, असं मला वाटायचं. सोपं नसतं. जेवण जात नाही.

नवव्या दिवशी करुणा पोतं घेऊन आली. आत अडतीस चाकू, पुन्हा ऑइलनं काळे, पुन्हा पेपरात गुंडाळलेले. आणि एका वेगळ्या पुडीत दोन चाकूंचे तुकडे. म्हणाली, "दोन तेलात बुडवताना तडकले. गुणवंतादादानं सांगितलं, तुकडेबी द्याचे, नाहीतर भैय्याजी म्हणतीन ठेवून घेतले."

मी तुकडा उन्हात धरला. आत मैद्यासारखी बारीक, करडी कणी होती. चाकू घेऊन एका फांदीला लावला. साल अशी सुटली की हाताला कळलं नाही.

"नवीन केले का?"

"नाही. तेच आहेत. लोखंडातलं काही गेलंच नव्हतं म्हणे. जेवढं होतं तेवढंच होतं, नुसतं सैल बसलं होतं. पुन्हा तापवून, बुडवून, पुन्हा रंगावर आणले. नऊ दिवस तेच करून राहिला होता." ती जाता जाता थांबली. "हे शेवटचे आहेत पण. आता नाही करणार म्हणते दादा. कोणी घेऊनच नाही राहिलं तं कोणासाठी करंल? आजपासून बोरगावच्या एका कंपनीत लागला. गेटवर. चौकीदार."

त्या दिवशी मी नर्सरीत कोणावर ओरडलो नाही. संध्याकाळी कुसुम पाटावर ताट ठेवताना म्हणाली, "त्यानं चाकू नीट करून देल्ले. तुम्ही काय करून राहिले?" एवढंच. मी ताट बाजूला सारलं. मला रडू आलं. साठाव्या वर्षी बायकोसमोर जेवणाच्या ताटावर रडणं बरं दिसत नाही, पण आलं.

सकाळी चिंधूच्या हॉटेलात गेलो. मोटरसायकल बंद केली, आत गेलो, बाकावर बसलो आणि म्हणालो, "गुणवंताचे चाकू चांगलेच होते. चूक माह्याकडून झाली."

चिंधू कपबश्या धुऊन राहिला होता. त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "जोरानं बोला भैय्याजी. त्या दिवशी तं तिकडं उभ्या बसमधल्या कंडक्टरलेबी ऐकू आलं होतं."

मी उभा राहिलो. जोरानं बोललो. चाकू मी विस्तवात टाकले, त्यानं मऊ झाले, गुणवंताची काही चूक नाही, मी खोटं बोललो. सगळं हॉटेल ऐकत होतं. ज्या तिघांनी चाकू नको म्हणून निरोप पाठवला होता, त्यातला एक, सौरभ, कोपऱ्यात पोहे खाऊन राहिला होता. तरुण पोरगा, नर्सरी नवी. त्यानं साधंच विचारलं, "पण काका, नवे चाकू विस्तवात टाकलेच काऊन?"

"ऑइल लावलं होतं. देवापुढं..."

"ऑइल तं फडक्यानं निघते ना?"

निघते. फडक्यानं निघते. माझ्या फावड्यांना, कुऱ्हाडींना ग्रीस होतं, ते मी फडक्यानंच पुसलं होतं. त्यातलं एकही मी विस्तवात टाकलं नव्हतं. फक्त एकेचाळीस चाकू टाकले होते, आणि ते एकेचाळीस एकाच माणसाच्या घरून आलेले होते.

माझी आई असं करायची. गुणवंताच्या समाजाच्या मोहल्ल्यातून आलेला विळा, खुरपं, काहीही असो, देवापुढं ठेवायच्या आधी आगीतून काढायची. का, ते कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. आई जाऊन वीस वर्षं झाली. मी गुणवंताच्या शेडमध्ये तासन्‌तास बसलो आहे, त्याच्या कामाची तारीफ केली आहे, आणि त्या दिवशी गवऱ्या पेटवताना मनात आईच्या त्या रीतीपलीकडं दुसरं काही नव्हतं. ऑइलचं कारण मी कुसुमनं विचारल्यावर शोधून काढलं.

हे मी तिथं बोललो. एवढं सरळ नाही बोललो, अडखळत बोललो, पण बोललो. दोघं-तिघं उठून गेले. त्यांच्या घरीही कोणाची तरी आई हेच करत असंल. चिंधूनं गॅस बंद केला. तो स्वतः त्याच मोहल्ल्यातला आहे. बारा वर्षं मी त्याच्याकडं चहा पिऊन राहिलो होतो, आणि त्या दिवशी चहा मागायची माझी हिंमत झाली नाही.

तिथून गुणवंताच्या घरी गेलो. त्याची बायको मनकर्णा दारात तुरी निवडत बसली होती. शेडला कुलूप. ती म्हणाली, "ड्यूटीवर गेले." मी म्हटलं, "मी चिंधूच्या हॉटेलात सगळं सांगून आलो. आता लोक पुन्हा येतीन चाकू सांगाले."

"येतीन," ती म्हणाली. "काल रस्त्यात एकानं विचारलंबी होतं. त्यानं नाही म्हटलं. म्हणे, करून द्याले काही नाही. पण कोणाच्या अंगणात कोणता विस्तव पेटंल, ते मी कुठं कुठं पाहू?"

तिनं तुरीतला खडा काढून बाजूला टाकला. तिनं बसा म्हटलं नाही, आणि मी तरी कोणत्या तोंडानं बसलो असतो?

बोरगावला कंपनीच्या गेटवर तो दिसला. निळा युनिफॉर्म, डोक्यावर टोपी, हातात काठी. एक ट्रक आत सोडून राहिला होता. ट्रकचा नंबर लिहिला, ड्रायव्हरची सही घेतली, साखळी पुन्हा लावली. जिनिंगमध्ये पट्टी घासली असेल तशाच सावकाशीनं. माझ्याकडं पाहिलं. ओळखलं, हे मला कळलं.

"गुणवंता," मी म्हटलं, "हॉटेलात मी सगळं सांगितलं. खरं काय ते सांगितलं."

"ऐकलं. चिंधूचा फोन आला होता."

"मंग?"

त्यानं टेबलावरचं रजिस्टर माझ्याकडं फिरवलं आणि पेन दिलं. "साहेब, नाव लिहा."

अकरा वर्षांच्या ओळखीत त्यानं मला साहेब म्हटलं नव्हतं. मी नाव लिहिलं, गाव लिहिलं, येण्याची वेळ लिहिली, अकरा दहा. पुढचा रकाना हिंदीत होता, किससे मिलना है. मी त्यात गुणवंता लिहिलं. त्याच्या पुढं काम असा रकाना होता. त्यात काय लिहावं ते मला कळेना. मग माफी लिहिलं.

त्यानं रजिस्टर आपल्याकडं वळवलं आणि सगळी ओळ शेवटपर्यंत वाचली.

"ड्यूटीवर भेटता येत नाही, साहेब," तो म्हणाला. रागात नाही म्हणाला. तसा नियमच असावा. मग रजिस्टर पुन्हा माझ्याकडं सरकवलं आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "जायचा टाइमबी टाका."

मी अकरा तेरा लिहिलं.